पटाबाहेरची मुले

शाळेचा पट हे आपल्या शिक्षणखात्याचे आवडते परिमाण आहे. पट वाढला की तुकडी वाढते, घटला की शाळेवर गंडांतर येते. मात्र निरीक्षणगृहात ठेवलेल्या मुलाचे नाव नेमके कोणत्या पटावर आहे, या प्रश्नाचे उत्तर सहसा मिळत नाही. गावच्या शाळेने ते ‘सतत गैरहजर’ म्हणून कमी केलेले असते आणि नव्या जागी ते चढलेलेच नसते.

मुंबईला हा विषय नवा नाही. १८५७ साली येथे अपराधी मुलांसाठी सुधारशाळा निघाली. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. पुढे १९२४ चा मुंबई बालक कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. त्या काळच्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. पण मूल वर्षानुवर्षे एका जागी राहत असल्याने एखादे कसब हाती देता येई. आज जामीन हाच नियम आहे आणि चौकशी चार महिन्यांत संपवावी, अशी २०१५ च्या बालन्याय कायद्याची अपेक्षा आहे. हे योग्यच झाले. परंतु शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, आणि मुले काही जूनची वाट पाहून येत नाहीत. आज वर्गात बसलेला मुलगा पुढच्या आठवड्यात असेलच, हे शिक्षकाला ठाऊक नसते.

वयाची गोष्ट अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत अशा मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सोळा ते अठरा वर्षांची दिसतात. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला. म्हणजे ज्यांच्यासाठी हे वर्ग चालवायचे, त्यांतील बहुतेकांना तो हक्क शिवतच नाही!

भाषेची अडचण तर कोणत्याच रकान्यात मावत नाही. समजा, बिदर जिल्ह्यातील चिंताकीचा एखादा मुलगा मुंबईत सापडला. घरी मराठी, शाळेत कन्नड शिकलेला, भोवतालची मुले हिंदी बोलणारी. त्याला कोणत्या इयत्तेत, कोणते पुस्तक देऊन बसवायचे? त्याला स्वजिल्ह्यात पाठविण्याची तरतूद आहे; तेथे पोहोचेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. मुलाचे नाव जवळच्या साध्या शाळेत किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयात घालावे, आणि तो सुटला तरी ते तेथेच राहावे. दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे अपात्रता चिकटू नये, मुलाची ओळखही उघड होऊ नये, असे कायदा सांगतो. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निरीक्षणगृहाचा पत्ता छापला गेला, तर नोकरी देणारा पहिली ओळ वाचूनच दाखला परत करील. महिला व बालविकास खाते आणि शिक्षण खाते यांनी एकत्र बसून निदान त्या एका ओळीचा निकाल येत्या जूनपूर्वी लावावा.