पुन्हा ‘कट्यार’

‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब रसिकांच्या मनात कायमचा बसला. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले. जुन्या प्रेक्षकांच्या कानात आजोबांचा आवाज घुमत असताना तुलना होणारच! पण संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी एकच पद नाटकातल्या पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या दोन घराण्यांसाठी दोन निराळ्या चालींत बांधलंय. पंडितजींचा ठहराव आणि खाँसाहेबांची झेपावणारी तान एकाच प्रयोगात ऐकताना तुलनेचं भान सुटतं. समेवर माना डोलतात, मागच्या रांगेतून ‘वन्समोअर’ येतो. या नाटकावरचा २०१५ चा सिनेमा देखणा होता, पण पडद्यावरच्या गायकाला पुन्हा गायला लावता येत नाही. जवळच्या नाट्यगृहात संगीत नाटक लागलं, तर घरातल्या तरुण मुलांना आवर्जून सोबत न्या.