हयातीचा दाखला

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात जमातीची बैठक झाली. विषय मशिदीच्या हौजाच्या फरशीचा. ग्रॅनाइट घ्यायचा की कोटा, यावर दीड तास वाद रंगला. शेवटी मी हात वर करून विचारले, "आपल्या मोहल्ल्यात एकटी राहणारी म्हातारी माणसे किती आहेत?" कुणी म्हणाले चार, कुणी म्हणाले सात. मग एक बुजुर्ग म्हणाले, "सर, हा विषय आजच्या बैठकीचा नाही."

मग तो कोणत्या बैठकीचा आहे?

आधी माझाच गुन्हा सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर उपदेश करतोय. पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळी सव्वासातला शाळेला निघालो, तेव्हा शेजारच्या खालांच्या पडवीतला दिवा जळत होता. दुधाची पिशवी कडीला तशीच लटकत होती. मी दोन्ही पाहिले. फजरनंतर पुन्हा डोळा लागला असेल, असे मनाशी म्हटले आणि गाडीला किक मारली.

साडेनऊला मासेवाली आली. खाला रोज काही घेतातच असे नाही, पण पायरीवर येऊन दोन शब्द बोलतात. तिने तीन हाका मारल्या. उत्तर नाही म्हटल्यावर टोपली खाली ठेवली आणि मागच्या दारी गेली. खाला न्हाणीघरात पडलेल्या. रात्री इशाच्या नमाजसाठी वजू करायला गेल्या होत्या. खुब्याचे हाड मोडलेले. बारा तास ओल्या फरशीवर. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेएवढा गडगा आहे, एवढेच अंतर.

खालांचे दोन मुलगे आखातात. एक दोह्याला, एक कुवेतला. दोघेही चांगले आहेत, दर महिन्याला पैसे पाठवतात, रोज फोन करतात. ओटीवर कॅमेराही बसवलाय. दोह्यात बसून फाटक दिसते, न्हाणीघर दिसत नाही. आमच्या कोकणात अशी किती घरे आहेत, मोजून बघा. वर नवा स्लॅब, खाली मार्बल आणि आत एक म्हातारी.

यावर आपले ठरलेले उत्तर असते, ही मुलांची जबाबदारी. कबूल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही ती मुलांवर टाकली आहे. पण न्हाणीघरात पडलेल्या बाईला दोह्याहून येणारा मुलगा दुसऱ्या दिवशी भेटतो. पहिल्या तासाला फक्त शेजारीच पोहोचू शकतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले. बाहेरून बोटी येईपर्यंत कुणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलेले आहे, हे शेजाऱ्याखेरीज कुणाला माहीत होते?

दुसरे उत्तर, "लोक काय म्हणतील? घरावर डोळा आहे म्हणतील." म्हणू देत. दोघे मिळून जा, बायकोला बरोबर न्या, मुलांना फोनवर सांगून जा. बदनामीच्या भीतीने आपण लग्नातल्या जेवणावळी कधी बंद केल्या नाहीत, मग दार ठोठावतानाच ती कुठून आठवते?

तिसरे उत्तर तोंडावर कुणी देत नाही, पण वागण्यात दिसते. आपला असेल तर बघू. कोपऱ्यावर शिवणकाम करणारे एक काका आहेत, हिंदू, एकटे. त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. ते अचानक बंद झाले. हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता आणि मशीनवर अंगठा उठत नव्हता. आयुष्यभर सुई-कात्री धरून बोटे झिजलेली. चार महिने ते उसनवारीवर जगले. ईदला आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडून कपडे शिवून घेतले, पण एकालाही हे कळले नाही, कारण एकानेही विचारले नाही.

कुरआनच्या सूरह निसातल्या ३६व्या आयतीत नात्यातला शेजारी आणि परका शेजारी यांचा वेगवेगळा उल्लेख आहे, आणि चांगले वागायचा हुकूम दोघांसाठी आहे. सहाबी अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली, तेव्हा त्यांनी आधी विचारले की आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवले का. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे की, जिब्रील शेजाऱ्याबद्दल इतक्यांदा बजावत राहिले की, आता शेजाऱ्याला वारसा हक्कच मिळतो की काय, असे पैगंबरांना (स.) वाटू लागले. वारसा वाटताना विधवेचा आठवा हिस्सा पैशापर्यंत मोजणारे आपण लोक, ही हदीस खुतब्यात ऐकतो, मान डोलावतो आणि चपला शोधायला लागतो. सूरह माऊन तर आपण पोरांना लहानपणीच पाठ करून देतो. दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांना आणि साधी रोजच्या वापरातली वस्तूही शेजाऱ्याला न देणाऱ्यांना त्यात काय सुनावले आहे, हे मात्र शिकवत नाही.

रमजानमध्ये आपण रेशनचे किट वाटतो, फोटो काढतो. चांगले आहे, वाटा. पण खालांना तेल-साखर नको होती. कुणीतरी सकाळी "खाला, उठलात का?" एवढे विचारायला हवे होते. त्याला जकातीचा पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याची पावती फाडायला कुणी पुढे येत नाही.

सरकार बघेल म्हणणाऱ्यांसाठीही सांगतो. त्या २००७ च्या कायद्याखाली महाराष्ट्राने २०१० साली नियम केले. पोलीस ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून किमान एकदा भेट द्यायची, असे त्यात आहे. त्या यादीत आपल्या मोहल्ल्यातली किती नावे आहेत, हे जमातीच्या सदरांनी ठाण्यात जाऊन कधी विचारले? १४५६७ ही ज्येष्ठांसाठी मोफत हेल्पलाइन आहे. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी हा आकडा लिहायला किती खडू लागतो?

माझी मागणी मोठी नाही. मशिदीत एक वही ठेवा. मोहल्ल्यातली एकटी, आजारी, अपंग माणसे तिच्यात लिहा, धर्म न बघता. प्रत्येक दोन घरांमागे एक माणूस नेमा, त्याने सकाळ-संध्याकाळ हाक मारायची. घराची एक किल्ली शेजारी ठेवायची. औषधांची नावे आणि मुलांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. दाखल्याच्या वेळी कुणीतरी गाडीवर बसवून तहसीलला न्यायचे. सरकार निदान वर्षातून एकदा विचारते, जिवंत आहात का? आपण भिंतीला भिंत लावून राहतो, आपण किती वेळा विचारतो?

खाला आता वॉकर धरून चालतात. मी सकाळी निघताना गडग्यावरून हाक मारतो. त्या मला कधीच बोलल्या नाहीत. मुलाने दोह्याहून फोन करून माझे आभार मानले, कारण दवाखान्यात नेताना गाडी माझी होती. दिव्याची आणि दुधाच्या पिशवीची गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. हे वाचून त्याला कळेल.

वही मी विकत आणली, शंभर पानी. गेल्या जुम्याला इमामसाहेबांच्या परवानगीने हौजाजवळच्या कोनाड्यात ठेवली. पहिल्या पानावर माझे नाव आणि दोन घरे लिहिली आहेत, खालांचे आणि शिंपीकाकांचे. बाकीची पाने अजून कोरी आहेत.