ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं. तुमच्याकडेही असेलच. १९७३ पासून ते मराठी घरांत आहे. माझ्या सासूबाई त्यात एकादशी आणि चतुर्थी बघायच्या. मी बघते ती चौकटीतली मोकळी जागा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बचत गटाची बैठक, भिशी कोणाला लागली, नळ कधी आला होता... आणि महिन्याकाठी एक बारीकशी फुली, जिचा अर्थ घरात फक्त मलाच ठाऊक! बाजूला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. एवढ्यावर घर चालायचं.

आता चालत नाही. का चालत नाही, ते मला २०२५ च्या दिवाळीनंतर नीट कळलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. हिवरखेडात त्या दिवसांत दुपारी गल्लीत माणूस दिसत नाही. मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसले होते. शेजारच्या काकू दारात येऊन टेकल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन, आधार कार्ड आणि पासबुक. सकाळपासून लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या रांगेत होत्या. वेचणीची रोजी बुडवून गेलेल्या.

“बाई, थो पोरगा म्हणते ओटीपी सांगा. माह्या फोनवर तं काहीच नाही आलं. कुठी गेला थो ओटीपी?”

ओटीपी गेला होता पुण्याला! काकूंच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला. मुलगा कंपनीत पाळीवर, फोन बाहेर कपाटात. तो फोन हातात घेईपर्यंत आकड्यांची मुदत संपलेली. पुढचा प्रश्न आणखी अवघड. स्वतःच्या आधारनंतर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागत होते. काकू म्हणाल्या, “मालकाले जाऊन अकरा वर्सं झाले. बापाचं तं आधारच नोयतं. आता कोणाले उठवू, सांग!”

आम्ही दोघी हसलो. पण मैत्रिणींनो, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. महिन्याचे १५०० रुपये पणाला लागले होते.

तारखाच तारखा

ही योजना २०२४ च्या जून महिन्यातल्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले हप्ते खात्यावर आले. मग १८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसीचा आदेश निघाला, मुदत दोन महिन्यांची. १८ नोव्हेंबरला ती संपणार होती, ती वाढून ३१ डिसेंबर झाली. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत, ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांच्यासाठी वाट निघाली ती याच काळात. स्वतःचं केवायसी करायचं आणि मृत्यूच्या दाखल्याची किंवा घटस्फोटाच्या कागदाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. पण ही वाट निघाली, हे काकूंना सांगायला कोण आलं होतं?

आणि ती एकच तारीख होती का? त्याच दोन-तीन महिन्यांत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात काय काय होतं ते मोजा. सीसीआयला हमीभावानं कापूस द्यायचा तर २०२५-२६ च्या हंगामात ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची. लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये भाव. पण आधी नोंदणी, मग दिवस ठरवून घेणं, मग गाडी भरणं. पिकाची नोंद ई-पीक पाहणीवर. शेतकरी ओळख क्रमांक वेगळाच. पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, लाईट बिल, गॅसचं बुकिंग आणि शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यावर ‘उद्या पांढरा ड्रेस’ हा निरोप रात्री दहाला येतो!

यातलं एकही काम कालनिर्णयाच्या चौकटीत मावत नाही. कारण नुसती तारीख लक्षात ठेवून भागत नाही. सोबत नंबर लागतो, पासवर्ड लागतो, ई-मेल लागतो. आणि या तिन्ही गोष्टी बाईच्या हातात असतातच असं नाही.

आठवण बाईची, फोन दुसऱ्याचा

सरकारनं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. म्हणजे आपले पावणेपाच तासांहून जास्त, त्यांचे दीड तासालाही दोन मिनिटं कमी. हे झालं हातानं केलेलं काम. भाजी फोडणीला टाकताना ‘आज लाईट बिलाची शेवटची तारीख’ हे जे डोक्यात चालू असतं, त्याची मिनिटं कोण मोजणार? काम संपलं की हात मोकळे होतात, डोकं होत नाही.

दुसरा आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात शंभरात ३३ निघाल्या, पुरुष ५७. स्वतःला वापरायला मोबाइल असलेल्या बायका शंभरात ५४. आता आकडे वाढले असतील, मान्य. पण घरातला चांगला फोन कोणाच्या खिशात आणि जुना, काच तडकलेला फोन कोणाच्या हातात, हे मी सांगायला हवं का?

केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरतेची योजना २०१७ साली आली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचं उद्दिष्ट, प्रत्येक कुटुंबातून एक जण. ऐकायला छान. पण ‘घरातला एक’ म्हटलं की आपल्याकडे आधी मुलगा उठतो. मुलगा शिकतो, पुण्याला जातो आणि त्याच्याबरोबर आईचा ओटीपीही जातो! घर साक्षर झालं, चुलीपाशी बसलेली बाई होती तिथंच राहिली.

माझी फजिती

काकूंना मी काय शहाणपण शिकवणार? माझीच गोष्ट सांगते. २०२२ साली मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. एका दुकानात गेलो. तिथल्या मुलानं विचारलं, “ताई, ई-मेल आहे का?” मी म्हटलं, नाही. “काही हरकत नाही, मी बनवून देतो.” दोन मिनिटांत बनवला, अर्ज भरला, पैसे घेतले. पासवर्ड त्यानं सांगितला नाही, मी विचारला नाही. मला तर वाटलं, ई-मेल म्हणजे अर्जातला एक रकाना आहे, भरला की झालं!

अर्जात त्रुटी निघाली. उत्पन्नाचा दाखला जुना होता. पंधरा दिवसांत नवा जोडा, असं पत्र त्या ई-मेलवर आलं. ते कुणी उघडलंच नाही. आम्हाला कळलं तेव्हा मुदत टळलेली, दुकान बंद झालेलं आणि त्या मुलाचा नंबर लागत नव्हता. वर्षभराची शिष्यवृत्ती गेली. मुलगी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हा कळलं की ई-मेल म्हणजे आपल्या नावाची टपालपेटी. तिची किल्ली दुकानदाराकडे ठेवून आपण घरी आलो, तर पत्र येऊनही न आल्यासारखंच.

मी काय केलं

मग मुलीला समोर बसवून माझा स्वतःचा ई-मेल उघडला. माझ्या नंबरवर, माझ्या हातानं. पासवर्ड वहीत लिहिला आणि वही लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवली. लोक म्हणतात पासवर्ड लिहू नये. ट्रंकेतली वही चालते हो. नको असतो तो दुकानातल्या फळ्यावर!

रोज पाच मिनिटं, दुपारचा चहा होईस्तोवर, मी टपाल बघते. जाहिराती न उघडताच काढते. कामाच्या पत्राला तारा लावते. पत्रांना चिठ्ठ्या लावायची सोय असते. मी तीनच केल्या: घर, शेत, शाळा. एक ध्यानात ठेवा. जीमेल टपालाची स्वतःच वाटणी करतं. महत्त्वाचं पत्र कधी जाहिरातींच्या कप्प्यात, तर कधी स्पॅममध्ये जाऊन बसतं. स्पॅममधलं पत्र तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून आठवड्यातून एकदा तिथंही डोकावायचं. आणखी एक. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते बंद करू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कुणी कधीकाळी उघडून दिलेला तुमचा ई-मेल असेल तर आजच बघा, जिवंत आहे का!

तारखा मी फोनच्या कॅलेंडरात टाकते. टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून कीबोर्डवरच्या माइकचं चित्र दाबून मराठीत बोलते, तो लिहून घेतो. आपल्या वऱ्हाडीनं कधी कधी गोंधळतो बिचारा, पण काम भागतं. प्रत्येक तारखेला दोन घंट्या: एक आठ दिवस आधी, कागद जमवायला, आणि एक आदल्या दिवशी. शेवटच्या दिवशीची घंटा कामाची नाही, कारण त्या दिवशी साइट चालत नाही हे आता लहान पोरालाही माहीत आहे. दाखले, पासबुक, सातबारा यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेत.

आणि ओटीपी कुणी फोन करून विचारला तर द्यायचा नाही. बँकेतून बोलतो म्हणो की मंत्रालयातून. पैसे गेलेच तर लाजून बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा.

पण खरी मेख इथं आहे

हे सगळं जमायला लागलं आणि घरात नवीनच सुरू झालं. “तुला येतं ना आता, मग तूच बघ.” सीसीआयची नोंदणी मी, लाईट बिल मी, दिरांच्या पोराचा अर्जही मीच! फोननं माझं काम कमी केलं नाही, माझ्याकडे आणखी काम आणून टाकलं. साधनं हातात आली म्हणजे ओझं हलकं झालं, असं नसतं. ओझं वाटून घेतलं तरच ते हलकं होतं.

यावरही तोडगा त्याच कॅलेंडरात निघाला. एखाद्या तारखेत दुसऱ्याचा ई-मेल जोडला की ती त्याच्याही फोनवर जाते. मी शेताच्या सगळ्या तारखा ह्यांना जोडल्या, बिलाच्या मुलाला. पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा हे जेवत होते. “माह्या फोनवर हे काय वाजून राह्यलं?” मी म्हटलं, “रोज माझ्या डोक्यात वाजत होतं, आज तुमच्या फोनवर वाजलं.” गडी काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सातबारा घेऊन स्वतः गेला.

आता सरकारची बाजू. ॲप काढायला माझी ना नाही. दलालाचं कमिशन वाचलं तर चांगलंच. पण ॲप काढलं म्हणजे निरोप पोचला, असं कसं? अंगणवाडी सेविकांचंच बघा. २०२१ साली पोषण ट्रॅकर आलं. दिलेले फोन धड चालेनात आणि ॲप इंग्रजीत, म्हणून महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते फोन परत केले होते. २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार वाटतानाही लाभार्थीचा चेहरा फोनवर जुळवणं आलं. त्याच सेविकेकडे मग विधवांचे कागद. एक बाई, एक फोन, किती कामं? प्रत्येक मुदत रेशन दुकानाच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. त्रुटी निघाली तर ई-मेलसोबत साधा मराठी एसएमएस पाठवा. आणि शिकवायचं तर घरातल्या ‘एका’ला नको, घरातल्या बाईला शिकवा. बचत गटाच्या बैठका गावोगावी होतातच, तिथं अर्धा तास पुरे.

काकूंचं काय झालं? मुलाला रात्री पाळी सुटल्यावर फोन केला, त्यानं आकडे सांगितले, काकूंचं केवायसी झालं. काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत डिसेंबरमध्येच सेविकेकडे दिली. त्यानंतर काकूंनी एक काम स्वतःच्या मनानं केलं. तेल्हाऱ्याला जाऊन आधारला आपला नंबर जोडून घेतला. पोराला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं म्हणे.

परवा दारात उभ्या राहून फोन दाखवत होत्या. “पाह्य वं, आता थो माह्याच घरी येते.”

कालनिर्णय अजून दाराआड आहे. पेन्सिलही आहे. ती फुली काही मी फोनला सांगितलेली नाही!

तुमचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? आज संध्याकाळी बघून घ्या.