आपण सगळेच सुखवस्तू नाही

अमेरिकेतल्या भारतीयांची मिळकत इतरांपेक्षा बरीच जास्त आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या आकडेवारीनुसार २०१९ साली भारतीय कुटुंबांचं मध्यक वार्षिक उत्पन्न सुमारे १,१९,००० डॉलर होतं. पण म्हणून आपल्या मराठी मंडळातलं प्रत्येक घर सुखवस्तू ठरत नाही. मध्यक म्हणजे मधला आकडा. निम्मी कुटुंबं त्याच्या खालीच असतात. त्याच वर्षी सुमारे ६ टक्के भारतीय दारिद्र्यरेषेखाली होते.

समूहाचा आकडा माणसाला लावला की केवढी गफलत होते, ते समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली दाखवलं. १९३०च्या अमेरिकन जनगणनेत, ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. यावरून स्थलांतरित अधिक साक्षर असावेत असं वाटेल. प्रत्यक्षात त्यांच्यात निरक्षरतेचं प्रमाण जास्त होतं. ते फक्त साक्षर राज्यांत जाऊन वसले होते.

आपली सरासरी उंचावण्यात १९६५च्या स्थलांतर कायद्याचा आणि पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा मोठा वाटा आहे. या चाळणीतून डॉक्टर, इंजिनिअर निवडून आले. पण मंडळात फक्त तेच येत नाहीत. कर्ज काढून शिकणारे विद्यार्थी येतात, एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावरच्या, कामाचा परवाना नसलेल्या उच्चशिक्षित बायका येतात, मुलांवर अवलंबून असलेले आईवडील येतात. एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला त्याला साधारण ६० दिवसच मिळतात.

'अडचण असेल तो सांगेल की' असं आपण म्हणतो. पण जिथे सगळे सुखवस्तूच असं धरून चाललेलं असतं, तिथे दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट परवडत नाही हे सांगायला जीभ रेटत नाही. माणूस यायचा बंद होतो आणि आपल्याला वाटतं, त्याला रस नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे: प्रत्येक कार्यक्रमाला सवलतीची तिकिटं ठेवा, ती घेणाऱ्याला कारण विचारू नका आणि नोंदणीच्या अर्जावर हा पर्याय सर्वांना दिसेल असा छापा. मंडळ सरासरीसाठी नसतं. वर्गणी भरणाऱ्या आणि भरू न शकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसासाठी असतं.