कण्हेर लावा, पण छाटलेली फांदी सांभाळा

मे महिन्यात आमच्या नेरला पारा ४२-४३ अंशांच्या पुढे गेला की अंगणातल्या गुलाबाने केव्हाच मान टाकलेली असते. मोगरा रोज पाणी मागतो. भांडी विसळलेल्या पाण्यावर जगणारी कण्हेर मात्र गुलाबी फुलांनी भरून उभी असते. जिथे पाण्याचे हंडे मोजावे लागतात त्या घराने हेच झाड लावावे, असे आम्ही कित्येक वर्षे ज्याला त्याला सांगत आलो. सांगताना एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहून गेली.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी, रविवारची सुटी साधून आम्ही कुंपणाची कण्हेर छाटली आणि फांद्यांचा भारा बाहेर टाकला. उद्या उचलू म्हणून. बकर्‍या कण्हेरीला तोंड लावत नाहीत, म्हणून तर ती कुंपणाला लावलेली! परंतु उभ्या झाडाची कडू पाने टाळणारे जनावर छाटून सुकलेला पाला खाऊन टाकते, आणि सुकल्याने त्यातले विष जात नाही. दुसर्‍या दिवशी शेजारच्या मावशींची गाभण बकरी डॉक्टर येईपर्यंत संपली. मजुरी करणार्‍या बाईची बकरी म्हणजे तिची बचतच. आम्ही किंमत भरून दिली. मावशी एवढेच म्हणाल्या, "भाऊ, उभ्या झाडाले तं ते कधी तोंड नव्हती लावत."

तेव्हापासून लागवडीआधी हे विष सांगतो. कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, चीक, सारेच विषारी आहे आणि ते हृदयावर परिणाम करते. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती वेगळ्या जातीची, मेक्सिकोकडून आलेली. पण विष त्याच प्रकारचे, आणि तिच्या बियांत फार. तिच्या फळांनी मुले खेळतात, म्हणून लहान मुलांच्या घरी बिट्टी नकोच. कण्हेरीची काडी दातवणाला वापरू नये. वाळलेल्या फांद्या चुलीत घालू नयेत, धूरही बाधतो. भगिनींनो, सरपण गोळा करताना एवढे पाहाच. मुलाने काही चावले असेल तर मीठपाणी पाजत न बसता झाडाची डहाळी सोबत घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठावा.

आता लागवड. विकत रोप आणण्याची गरज नाही. पावसाळ्यात कोणाकडून तरी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी मागून आणावी, खालची पाने काढून निम्मी मातीत खोचावी. महिनाभरात मुळे धरतात. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून कोवळी फांदी कुजते, म्हणून खड्ड्यात तिसरा हिस्सा मुरूम मिसळावा. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी, पुढे पंधरा दिवसांनी भरपूर दिले तरी भागते. ऊन मात्र पूर्ण हवे. सावलीत पानेच वाढतात.

या काटकपणाचे कारण पानात आहे. पान जाड, चामड्यासारखे. श्वास घेण्याची छिद्रे पानाच्या मागे बारीक खळग्यांत दडलेली, त्यावर पुन्हा लव. त्यामुळे पाणी कमी उडते. महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर लावतात ती उगीच नाही. गुरे खात नाहीत, पाणी थोडे लागते, आणि दाट पानांनी समोरच्या गाडीचा उजेड अडतो. १९४५ साली अणुबाँबने होरपळलेल्या हिरोशिमात पहिल्यांदा फुललेल्या फुलांत कण्हेर होती असे सांगतात. त्या शहराने तिलाच आपले फूल मानले आहे.

फुले नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, म्हणून बहर ओसरला की एक तृतीयांश छाटावे. हाताला चीक लागू देऊ नये, डोळ्याला तर मुळीच नाही. शेंड्यावर पिवळा मावा पडला तर साबणाच्या पाण्याने धुवावा. पानामागे चांदीच्या घुंगरासारखा चकचकीत कोष दिसला तर तो फुलपाखराचा. मुलांना दुरून दाखवावा आणि राहू द्यावा.

छाटलेला पाला आम्ही आता त्याच दिवशी दोन हात खोल खड्ड्यात पुरतो. यंदा मावशी स्वतः खड्ड्याशी उभ्या होत्या. वार्‍याने उडालेली पानेदेखील त्यांनी वेचून आत टाकली, आणि जाताना पांढर्‍या कण्हेरीची एक फांदी मागून नेली.