ऊन येणारी खिडकी आणि आमरीची निवड

विवाह जुळवितांना दोन्ही पत्रिका मांडून पाहण्याची आपली चाल आहे. फुलझाड घरीं आणतांना मात्र आपण एकच पत्रिका पाहतों, ती फुलाची. खिडकीची पत्रिका कोणी काढीत नाहीं. त्यामुळें बाजारांतून आणलेलें डौलदार ऑर्किड दोन महिने फुलतें, मग झुरूं लागतें, आणि "आमच्या घराला हें झाड मानवत नाहीं" असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. वास्तविक दोष घराचा नसतो व झाडाचाही नसतो; दोहोंची गांठ घालण्यापूर्वीं जो विचार व्हावयास हवा होता, तो झालेला नसतो.

ह्या विषयावर लिहिण्यास निमित्त झालें तें एका वाचक भगिनींचें पत्र. घरांत सात माणसें. ऊन येणारी खिडकी एकच, आणि ती पूर्वेकडील. कंबरेचें हाड मोडल्यापासून सासूबाईंची खाट त्याच खिडकीशीं लावलेली आहे. जन्मभर परसांतील फुलें वेंचून देवपूजा केलेल्या त्या माउलीच्या दृष्टीस आतां दिवसभर समोरच्या इमारतीची भिंत पडते. "त्यांच्यासाठीं एखादी आमरी ठेवावी असें मनांत आहे, परंतु जागा एका कुंडीपुरती, पैसा बेताचा, आणि थोरले भाऊजी म्हणतात कीं हीं बांडगुळें घरांत नकोत. काय करावें?" असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु दिवसेंदिवस वाळत जाणारें झाड आजारी माणसाच्या उशाशीं असणें बरें नव्हे. म्हणून तो नीट सोडविला पाहिजे.

प्रथम भाऊजींच्या आक्षेपाचा विचार करूं. अमरकोशांत वन्दा, वृक्षादनी व वृक्षरुहा हे शब्द एकाच ठिकाणीं, पर्याय म्हणून दिलेले आहेत. परंतु व्युत्पत्ति पाहिली तर त्यांत मोठें अंतर आहे. वृक्षादनी म्हणजे वृक्षास खाणारी. वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. बांडगूळ हें पहिल्या प्रकारचें. त्याचीं मुळें आधाराच्या वृक्षांत शिरून त्याचा रस शोषितात. झाडावर राहणारी आमरी दुसऱ्या प्रकारची. ती फांदीस केवळ धरून असते, आणि पावसाचें पाणी, दंव व सालीच्या खांचांत सांचलेला पाचोळा ह्यांवर आपला निर्वाह आपणच करते. ओसरीवर उतरलेला वाटसरू आणि कोठींत शिरलेला चोर ह्यांत जो भेद, तोच हा. ह्याच वन्दा शब्दावरून सर विल्यम जोन्स ह्यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस आमरीच्या एका कुळास वँडा हें नांव दिलें, व १८२० सालीं रॉबर्ट ब्राऊन ह्यांनीं तें वनस्पतिशास्त्रांत रूढ केलें. तेव्हां ह्या पाहुणीस परकी किंवा परोपजीवी म्हणण्याचें कारण नाहीं.

आतां खिडकीची पत्रिका. सूर्य बारा महिने एकाच मार्गानें जात नाहीं, हें आपण पंचांगांत वाचतों, परंतु खिडकीशीं ताडून पाहत नाहीं. पुणें शहर सुमारें साडेअठरा अक्षांशांवर आहे. तेथें डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून ४८ अंशच वर चढतो. म्हणून त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकींतून ऊन खोलींत लांबवर येतें. उलट मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस तो थेट डोक्यावर येतो, व मधल्या काळांत किंचित् उत्तरेस कलतो. तेव्हां तीच दक्षिणेची खिडकी उन्हावांचून राहते. पश्चिमेच्या खिडकींत ऊन येतें तें भिंती व हवा तापून झाल्यावर. चैत्र-वैशाखांत तें कोमल पानांस भाजून काढतें. पूर्वेच्या खिडकीस मात्र वर्षभर सकाळचें कोवळें ऊन मिळतें. ऋतूप्रमाणें त्याचा कोन बदलतो, स्वभाव बदलत नाहीं. म्हणून आमरीसाठीं निवड करावयाची असल्यास पूर्वेची खिडकी पहिली, दक्षिणेची दुसरी आणि पडदा लावण्याची सोय असेल तर पश्चिमेची तिसरी.

नुसत्या दिशेवर मात्र विसंबूं नये; समोर इमारत अथवा झाड असल्यास सारेंच बदलतें. ह्यासाठीं एक सोपी परीक्षा आहे. खिडकींत उजेड सर्वांत अधिक असेल त्या वेळीं, कुंडीच्या जागीं पांढरा कागद ठेवावा व त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सांवली रेखीव, बोटें निरनिराळीं दिसण्याजोगी पडली तर उजेड प्रखर; कडा पुसट पण हात ओळखूं येईल अशी पडली तर मध्यम; आणि सांवली जेमतेम जाणवली तर तो आमरीस अपुरा. ही परीक्षा मार्गशीर्षांत एकदां व वैशाखांत एकदां करावी.

खिडकी कळली म्हणजे झाड निवडणें अवघड नाहीं. मध्यम उजेडास योग्य ती फॅलेनॉप्सिस. ह्या ग्रीक नांवाचा अर्थ पतंगासारखी दिसणारी असा आहे, आणि फुलांची रांग वाऱ्यानें हलूं लागली म्हणजे तो पटतो. हिचीं पानें रुंद व मांसल असतात. थेट ऊन त्यांना सोसत नाहीं. खिडकीपासून हातभर आंत, किंवा पातळ पडद्याआड ठेवल्यास ती सुखानें राहते, आणि एकदां फुलली म्हणजे फुलें दोन-तीन महिने टिकतात.

ज्या कट्ट्यावर रोज तीन-चार तास खरोखर ऊन पडतें, तेथें डेंड्रोबियम घ्यावें. ह्याही नांवाचा अर्थ वृक्षावर जगणारें असाच आहे. ह्याच्या कुळांत थंड डोंगरांवरच्या पुष्कळ जाती आहेत. परंतु आपल्याकडील रोपवाटिकांत बहुधा मिळतात त्या उष्ण हवेंत वाढणाऱ्या संकरित जाती. कोंकणची व मुंबईची दमट हवा त्यांना मानवते. ह्याच्या उसासारख्या कांड्यांचीं पानें गळलीं तरी कांडी कापूं नये. तींत अन्नाचा सांठा असतो, आणि जुन्या कांडीसही पुन्हां तुरा येतो. ह्याच्याच जोडीस पिवळ्या फुलांचें ऑन्सिडियम व सुगंधी कॅटलिया हीं बसतात. कॅटलिया मात्र पहिलें झाड म्हणून घेऊं नये. एक-दोन वर्षे हात बसल्यावर घ्यावी.

जीं टाळावयाचीं तीं थोडक्यांत सांगतों. वँडा सुंदर खरी, पण तिचीं मुळें उघडीं लोंबतात, त्यांवर रोज पाणी घालावें लागतें, व तिला मोकळी हवा लागते. ती बाहेरच्या गॅलरीची, खोलीच्या आंतील कट्ट्याची नव्हे. सिंबिडियमच्या मोठ्या फुलांच्या जाती दार्जिलिंग, कालिंपोंग, सिक्कीम ह्या भागांतील थंड रात्रींत फुलतात. आपल्या मैदानी गांवीं पानें हिरवीं राहिलीं तरी तुऱ्याची वाट पाहत बसावें लागतें. पाफिओपेडिलम तर सांवलींतील झाड. ऊन येणाऱ्या खिडकींत तें आणणें हा त्याच्यावर अन्याय होय.

ह्यावरून आमच्या भगिनींचें उत्तर सहज निघतें. कुंडी कट्ट्यावरच ठेवावयाची असेल तर डेंड्रोबियम. परंतु खाटेच्या उशाशीं, खिडकीपासून हातभर आंत, लहान स्टुलावर ठेवतां येत असेल तर फॅलेनॉप्सिस. मी दुसरीची शिफारस करीन, कारण मान न वळवितां सासूबाईंना फुलें दिसतील व दीर्घकाळ दिसतील. रात्रीं झाड निजण्याच्या खोलींत नसावें असें कोणी म्हणेल. पण फॅलेनॉप्सिस ही दिवसा पर्णरंध्रें मिटून ठेवते व कार्बवायु मुख्यतः रात्रीं आंत घेते. एका कुंडीनें खोलींतील हवा बिघडत नाहीं, तशी सुधारतही नाहीं. पाणी घालावयाचें कीं नाहीं हें पाहण्याचें काम मात्र सासूबाईंकडेच द्यावें. कुंडी पारदर्शक घेतल्यास आंतील मुळें दिसतात. तीं रुपेरी पांढरीं झालीं म्हणजे तहान लागली, हिरवीं असलीं म्हणजे थांबावें. बसल्या जागीं होणारें, आणि ज्यावर घरानें अवलंबून राहावें असें काम म्हाताऱ्या माणसास औषधाइतकें गुणकारी असतें.

निगेसंबंधीं चार शब्द. कुंडींत माती घालूं नये. कोळशाचे, विटेचे व नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावे, म्हणजे मुळांस हवा मिळते. आमरी पाण्यावांचून मरते त्यापेक्षां अधिक वेळां ती पाण्यांत बसून कुजून मरते. पाणी सकाळीं, भरपूर, परंतु सर्व निथळून जाईल असें घालावें; फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यांत तें सांचूं देऊं नये. पानांचा रंग हीच झाडाची नाडी होय. गर्द हिरवा म्हणजे उजेड कमी, किंचित् पिवळसर हिरवा म्हणजे योग्य, लालसर झांक म्हणजे आतां पुरे. आणि पान हातास गरम लागलें तर त्याच क्षणीं कुंडी मागें घ्यावी. फुलें गळलीं म्हणजे झाड मेलें असें समजून पुष्कळजण तें केरांत टाकतात. तो त्याचा विसावा आहे. कार्तिक-मार्गशीर्षांत रात्री गार होऊं लागल्या म्हणजे निरोगी फॅलेनॉप्सिसला बहुधा पुन्हां दांडा फुटतो.

शेवटीं खरेदीविषयीं, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यांत घाटाच्या रस्त्यांवर, फांदीवरून ओरबाडलेल्या आमरी कधींकधीं स्वस्तांत विकावयास येतात. कांहीं भागांत जिला सीतेची वेणी म्हणतात, तीही त्यांत असते. आसामांत हीच कपौ म्हणून बिहूच्या सणांत केसांत माळतात. ती मुळींच घेऊं नये. आमरीच्या एका बोंडांत धुळीसारखें बारीक असंख्य बीज असतें, परंतु त्यांत अन्नाचा सांठा नसतो. रानांत विशिष्ट बुरशी भेटली तरच तें रुजतें, व फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. १९२२ सालीं लुइस नुडसन ह्यांनीं साखरमिश्रित खळींत बुरशीवांचून बीज रुजवून दाखविलें, आणि १९६० सालीं जॉर्ज मोरेल ह्यांनीं कोंभाच्या अग्रापासून अनेक रोपें करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यामुळेंच आज रोपवाटिकेंतील आमरी मध्यम घरांस परवडते. तसें असतांना रानची वेणी तोडून आणण्याचें प्रयोजन काय? राखीव वनांतून झाड उपटणें १९२७ च्या वन कायद्यान्वयें गुन्हा आहे, हें तर आहेच; शिवाय जुनीं मुळें तुटलेलें तें रोप खिडकींत क्वचितच तगतें. म्हणजे रान उजाड होतें आणि घरही फुलत नाहीं.

तेव्हां खिडकी पारखावी, रोपवाटिकेंतून घट्ट मुळांचें झाड निवडून घ्यावें, आणि पहिलीं फुलें गळल्यावरही त्याला एक वर्षाची मुदत द्यावी. ज्यांच्या घरीं केवळ उत्तरेची खिडकी आहे, त्यांनीं हिरमुसलें होऊं नये. त्यांच्यासाठीं कोणतीं झाडें, ह्याचा विचार पुढील अंकीं करूं.