दोघींचा विनोद, दोघींची लेखणी

दोन अभिनेत्रींनी मिळून लिहायचे, बहुतेक पात्रे दोघींनीच वठवायची आणि अर्ध्या तासात पाच-सहा छोटी प्रहसने सादर करायची, असा स्किट-शो मराठी दूरचित्रवाणीवर अजून रुजलेला नाही. स्किटची मात्र वानवा नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘गजरा’ने छोट्या नाटिकांची गोडी लावली. पुढे ‘फू बाई फू’ आले, २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. विनोदी अभिनेत्रींचीही वानवा नाही. निर्मिती सावंत यांनी ‘कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक’ एकटीच्या बळावर तोलून धरली. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे, वनिता खरात, रसिका वेंगुर्लेकर, चेतना भट, ईशा डे, शिवाली परब, प्रियदर्शिनी इंदलकर ही नावे घराघरांत ठाऊक आहेत. तरीही जोडी म्हटली की दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि एक बाई, हाच साचा पुढे येतो. दोघींच्या नावावर कार्यक्रम का नाही, असे विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात. परंपरा नाही, खेड्यातला प्रेक्षक बघणार नाही, दोघींना विषय पुरणार नाहीत. एकेक उत्तर तपासून पाहिले तर त्यातले एकही टिकत नाही.

परंपरेचा दाखला देणारे तमाशाकडे बोट दाखवतात. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात हशा सोंगाड्याच्या वाट्याचा. गवळणीत बाया असतात, पण हशा वसूल करते ती मावशी, आणि मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. दुसरा हशा पेंद्याचा. गवळणी दुधाचे माठ घेऊन उभ्या राहतात, लाजतात, वाट अडवू नको म्हणतात. ही वाटणी खरी आहे आणि दूरचित्रवाणीने ती जशीच्या तशी उचलली. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये साडी नेसलेले भाऊ कदम आणि सागर कारंडे महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, ते त्यांच्या अंगच्या गुणांमुळे. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. पण त्या वाटणीतून एवढेच कळते की विनोदी काम कोणाला दिले गेले. ते कोणाला जमते, हा प्रश्न निराळा.

तो पाहण्यासाठी एकटा सोलापूर जिल्हा घेतला तरी सुरुवात होते. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी यांनी एकनाथांची भारुडे गावोगावच्या गर्दीपुढे केली. भारुडात उपदेश असतो, पण तो गळी उतरतो तो सोंगातून, नकलेतून, समोरच्याला नेमका चिमटा काढण्यातून. हे सारे एक बाई, पुरुषांनी भरलेल्या मांडवापुढे करते आणि मांडव हसतो. माढा तालुक्यातले मोडनिंब लावणीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाते. संगीत बारीची बैठकीची अदाकारी नीट पाहिली तर तिच्यात शृंगाराइतकाच विनोद आढळतो. समोरच्या माणसाचा नूर ओळखून एकाच ओळीचे दहा अर्थ करायचे, फेटेवाल्याची फिरकी घ्यायची आणि लगेच तालावर यायचे. शकुंतलाबाई नगरकर यांची अदा ज्यांनी पाहिली आहे त्यांना विनोदाचे टायमिंग म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. लावणीत छाया-माया खुटेगावकर यांच्यासारखी बहिणींची जोडी रंगमंच भारून टाकते, तेव्हा दोघी मिळून प्रेक्षक धरून ठेवू शकत नाहीत हे म्हणणे पोकळ ठरते.

याहून जुना पुरावा जात्यावर आहे. समोरासमोर बसून दोघींनी एकच खुंटा ओढायचा आणि ओवीला ओवी जोडायची, ही रीत शतकानुशतके चालली. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माहेरची ओढ आणि विठ्ठलाची भक्ती आहे, तशीच सासूची, नणंदेची, नवऱ्याची रेवडीही आहे. या विनोदाला पुरुष श्रोता नव्हता, म्हणून त्याची नोंद कमी झाली. परंपरा नव्हती असे म्हणण्यापेक्षा परंपरा स्वयंपाकघराच्या अलीकडे आली नाही, असे म्हणणे रास्त.

आता खेड्यातल्या प्रेक्षकाची गोष्ट. वाहिन्यांच्या बैठकांत हा प्रेक्षक फार वेळा पुढे केला जातो, म्हणून तो नेमका कुठे राहतो ते ठरवून बोलावे. करमाळा तालुक्यातले केम हे गाव घ्यावे. सोलापूर-पुणे लोहमार्गावरचे स्थानक, उत्तरेश्वराचे देऊळ, आणि महाराष्ट्रभर ज्याचे नाव आहे तो कुंकवाचा धंदा. याच तालुक्यातले, याच लोहमार्गावरचे जेऊर हे नागराज मंजुळे यांचे गाव. त्यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. त्याचे बरेच चित्रीकरण करमाळा तालुक्यात झाले आणि त्याची बोली इथलीच. अकलूजच्या रिंकू राजगुरूने केलेली आर्ची बुलेटवर बसते, ट्रॅक्टर चालवते, वर्गातल्या पोरांना गप्प करते. तिच्या बेधडक बोलण्यावर थिएटरांत हशा आणि शिट्ट्या पडल्या. बोली गावठी, मुलगी आक्रमक, आणि विनोद तिच्या तोंडी. तरीही तो मराठीतला सर्वांत मोठ्या कमाईचा चित्रपट ठरला. २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’साठी बायका घोळक्याने आल्या. २०२४ च्या १ मे रोजी आलेल्या परेश मोकाशी यांच्या ‘नाच गं घुमा’त मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव ही सरळसरळ दोघींची विनोदी जोडी होती, मालकीण आणि मोलकरीण. त्याच्याही आधी, १९९४ पासून, ‘तू तू मैं मैं’मध्ये रिमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर या दोन मराठी अभिनेत्रींनी सासू-सुनेच्या जुगलबंदीवर देशभरचे प्रेक्षक वर्षानुवर्षे बांधून ठेवले. खेड्यातला प्रेक्षक नाही म्हणतो, हे त्या प्रेक्षकाला न विचारताच ठरवलेले उत्तर आहे.

विषय पुरणार नाहीत, या आक्षेपात थोडे तथ्य वाटू शकते. दोघी म्हणजे सासू-सून, जावा-जावा, फार तर दोन शेजारणी, आणि त्यांचे भांडण, हे चित्र इतके घट्ट बसले आहे की लेखकाची लेखणी आपोआप तिकडे वळते. पण हा दोष चित्र काढणाऱ्याचा आहे. ब्रिटनमध्ये डॉन फ्रेंच आणि जेनिफर साँडर्स या मैत्रिणी नाट्यशिक्षण घेताना भेटल्या, लंडनच्या ‘कॉमिक स्ट्रिप’ या छोट्या मंचावर तयार झाल्या, आणि १९८७ मध्ये बीबीसीवर त्यांचा ‘फ्रेंच अँड साँडर्स’ सुरू झाला. स्किट त्या स्वतः लिहीत. त्यांनी मोठमोठ्या चित्रपटांची विडंबने केली, गायिकांच्या नकला केल्या, आणि अंगावर जाड पोट बांधून दोन लंपट, ढेरपोटे म्हातारेही केले. साडी नेसलेल्या पुरुषाला मराठी प्रेक्षक हसतो, तर धोतर-टोपीतल्या बाईलाही हसेल. तिने तो पुरुष आयुष्यभर जवळून पाहिलेला असतो, हे तिचे भांडवल.

मग खरी अडचण कुठे आहे? ती लेखनाच्या टेबलाशी आहे. मराठी स्किटमध्ये समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नट लिहितातही, आणि लिहिणाऱ्या नटाची भूमिका आपोआप भक्कम होते. कोणता पंच कोणाच्या तोंडी जाईल, कोणाची एंट्री टाळ्या घेईल, कोण फक्त पुढच्या वाक्याला निमित्त देईल, हे कागदावरच ठरते. तिथे लेखणी हाती नसलेली अभिनेत्री कितीही तयारीची असली तरी बायको, नर्स किंवा पेशंटची आई होऊन येते आणि दुसऱ्याच्या वाक्याला वाट करून देते. म्हणून दोघींचा शो करायचा तर त्याचे काम अभिनेत्री निवडण्यापासून सुरू करून चालणार नाही. ते दोघींनी एकत्र बसून लिहिण्यापासून सुरू व्हायला हवे.

हे कसे घडते ते एका कल्पित स्किटवरून पाहता येईल. जागा केमचा कुंकवाचा कारखाना. थोरली कुंकू चाळते आहे, धाकटी पुड्या भरते आहे. दोघींचे हात मनगटापर्यंत लाल. बँकेचा माणूस बचत गटाच्या खात्यांसाठी अंगठा घेण्याचे यंत्र घेऊन येतो. धाकटीचा अंगठा लागतो, थोरलीचा लागत नाही.

“अक्का, हात तरी धू की.”

“धुतला की गं! किती येळा धुऊ? हाडापातुर गेलाय रंग.”

साहेब म्हणतो, यंत्र तुम्हाला ओळखत नाही. इथे नेहमीच्या पद्धतीचे स्किट साहेबाकडे वळेल. साहेब विनोदी नट असेल, त्याचा पांढरा शर्ट लाल होत जाईल, तो शिंकेल, घसरेल, आणि दोन्ही बाया त्याला टॉवेल देत राहतील. हशा होईल, पण तो साहेबाचा. दोघींनी लिहिलेल्या स्किटमध्ये साहेबही धाकटीच होते. ती पदर खोचते, पुड्या बांधायचा पुठ्ठा काखेत धरते, आवाज खाली आणते आणि अक्काला साहेबाशी कसे बोलायचे याची तालीम द्यायला बसते. मग अक्का साहेब होते आणि धाकटीला नियम ऐकवते. दोन फेऱ्यांत दोघींनी साहेबाची अख्खी ऐट मोडून काढलेली असते आणि खरा साहेब पडद्यावर येण्याची गरजच उरत नाही. जिच्या हातचे कुंकू लागल्याशिवाय आसपासच्या गावांत लग्न लागत नाही, तिचाच अंगठा यंत्राला कळत नाही, हा या स्किटचा कणा. तो संवादात सांगायचा नाही. अक्काने यंत्रावर अंगठा दाबावा, यंत्राने नाकारावे, आणि काचेवर लाल ठसा तेवढा ठळक उमटलेला दिसावा. कॅमेरा तिथे दोन क्षण थांबला की पुरे.

याच कारखान्यात आणखी अवघड विषय दडलेला आहे. कुंकू भरणाऱ्या बायांत एखादी विधवा असेल, तर दिवसभर हात कुंकवात आणि कपाळ मोकळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. यावर हसवणारे स्किट लिहिणे जोखमीचे आहे. हसू त्या बाईवर गेले तर ते क्रूर होते. ते शेजारच्या नियमांवर, कपाळ मोजत बसणाऱ्यांवर गेले पाहिजे. ही कसरत दोघींना अधिक साधते, कारण त्या नियमांचा जाच कोणत्या बोलण्यातून, कोणत्या नजरेतून होतो हे त्यांनी पाहिलेले असते.

पुढचे काम कारागिरीचे. दोघींपैकी एक फटकळ आणि एक शांत, अशी कायमची वाटणी करू नये. प्रत्येक स्किटमध्ये ती उलटवावी, म्हणजे प्रेक्षकाला आधीच अंदाज येत नाही. दोघीच सगळी पात्रे करणार असल्याने कपडेपटाची कसोटी लागते. स्टुडिओत सलग प्रयोग होत असेल तर लुगड्यातून शर्टात जायला मिनिटभरही मिळत नाही, म्हणून स्किटचा क्रम ठरवताना लेखन आणि वेशभूषा एकत्र बसली पाहिजे. काही तुकडे आधी चित्रित करून मधे दाखवावेत. तालमीला वेळ हवा, आणि इथेच वाहिनीची जबाबदारी येते. मराठी विनोदी कार्यक्रम आठवड्यातून अनेक दिवस, वर्षानुवर्षे चालतात. या रेट्यात दोघींच्या लेखणीला दम उरणार नाही, हे खरे. ‘फ्रेंच अँड साँडर्स’चा पहिला मोसम ६ भागांचा होता. आधी लिहायचे, मग तालीम, मग चित्रीकरण, आणि मग विश्रांती. मराठीत दहा भागांचा मोसम ठरवून दिला तर काम नेटके होईल. मदतीला आणखी लेखक असावेत, पुरुषही असावेत, पण शेवटचा हात दोघींचा असावा आणि श्रेयनामावलीत लेखिका म्हणून त्यांचीच नावे आधी यावीत. पात्रांचे हक्कही त्यांच्याकडे राहिले पाहिजेत. जेनिफर साँडर्स यांची ‘ॲब्सोल्यूटली फॅब्युलस’ ही गाजलेली मालिका १९९२ मध्ये आली, ती ‘फ्रेंच अँड साँडर्स’मधल्या आई-मुलीच्या एका स्किटमधून वाढली. चांगल्या स्किटमध्ये पुढची मालिका दडलेली असू शकते, आणि तिचा लाभ जिने ती घडवली तिला मिळावा.

राहिला चाचणीचा प्रश्न. फ्रेंच आणि साँडर्स यांना छोट्या मंचाने घडवले. मराठी जोडीसाठी तसा मंच दरवर्षी आयता मांडला जातो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावोगाव हळदीकुंकू होते, आणि अलीकडे त्यासोबत खेळ पैठणीचा. ‘होम मिनिस्टर’ने २००४ पासून रुळवलेल्या या खेळाचे निवेदन बहुधा पुरुषाकडे असते आणि समोर शेकडो बाया बसलेल्या असतात. तो माइक दोघींच्या हाती द्यावा. केमच्या मांडवात, करमाळ्यात, टेंभुर्णीत, मोडनिंबला तेच स्किट करावे, कुठे बाया हसल्या आणि कुठे नुसत्याच एकमेकींकडे पाहत राहिल्या ते वहीत टिपावे. विधवांनाही त्या मांडवात मानाने बोलवावे, म्हणजे त्यांच्यावरचे स्किट त्यांच्यासमोरच पारखले जाईल. जे स्किट तिथे तरेल ते स्टुडिओत न्यावे आणि जे पडेल ते पुन्हा लिहावे.